बर्फात न निजणारं विकर

८ सप्टेंबर, ट्रॉम्सो, नॉर्वे
वीस वर्षं धक्क्यावर कॉड माशांची पोटं फाडली. आज अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट! सहकारी गुडवेगने बजावलं, शुक्रवारचे वॅफल नव्या माणसाने भाजायचे, आणि करपले तर ओड्मुन्डरावांनी, म्हणजे मी, एकट्याने संपवायचे. प्रोफेसर हॅलस्टाइन महिनाभर काम बघून कायम करणार आहेत.

९ सप्टेंबर
काम मजेचं आहे. कॉडच्या आतड्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनं कापतं. आपल्या कातडीतल्या पेशीच्या आवरणावर एक प्रथिन टोपी घालून उभं असतं. विकराने टोपी छाटली की उरलेलं टोक वाकून स्वतःलाच टोचतं, आणि आत हुकूम जातो: दुखतंय, बोंब मारा! छाटलेली टोपी पुन्हा बसत नाही.
हा शोध इथल्या आधीच्या संशोधिकेचा, रग्नफ्रिडचा. मागच्या हिवाळ्यात ती इथल्याच शीतखोलीत गोठून मेली; कडी बाहेरून लागली होती. शोधावरचा लेख हॅलस्टाइनच्या एकट्याच्या नावावर निघाला. हे सांगताना गुडवेग कॉफीच्या कपाकडे बघत होती. कडी कुणी लावली, ते मी विचारलं नाही.

१० सप्टेंबर
हॅलस्टाइन म्हणाला, विकराच्या नळ्यांवरचं रग्नफ्रिडचं नाव पूस, माझं घाल. कायम केल्याच्या कागदावर उद्याच सही करतो. पुसलं. उघड्या, ओल्या बोटाने. एक नळी गळत होती, पण सगळ्या बर्फात होत्या. बर्फात विकरं निजतात, म्हणून निर्धास्त होतो. कॉड बर्फाळ पाण्यातच जगतो, त्याचं विकर थंडीतही जागंच असतं, हे मी विसरावं? धक्क्यावरची मंडळी थुंकतील माझ्यावर.
बोटं चुरचुरतात.

११ सप्टेंबर
डॉक्टर म्हणतो, कातडी ठणठणीत आहे. आतली बोंब मात्र थांबत नाही. शीतखोलीतून बारीक कच्, कच् ऐकू येतं. नळ्यांवर तिचं नाव परत आलंय. अक्षर तिचंच — गुडवेगने ओळखलं.

१२ सप्टेंबर
वॅफल राहिले. हॅलस्टाइनने नावं पाहिली, मला गाढव म्हणाला, शीतखोलीत शिरून स्वतःच पुसू लागला. मग किंचाळला. मी धावलो — त्याला बाहेर काढायलाच — आणि कडी लावली. मी नाही. हाताने.
तो आधी शिव्या देत होता. मग विनवत होता. मग रग्नफ्रिडची माफी — तेव्हा तिच्यावर कडी आपणच लावली होती म्हणाला —
कडी काढायला हात हलला नाही.

१३ सप्टेंबर
हॅलस्टाइन कसा गोठून मेला, ते पोलिसांसाठी खरं लिहायला बसलो. तिचं नाव सरळ उमटलं. माझं लिहिलं की ओलं बोट पुसतं. माझंच बोट. वहीच्या पहिल्या पानावरचंही गेलं —
गुडवेगने दारातून विचारलं, आपण कोण, कुणाकडे आलात —
अगं, मी ओड्