माळावरचे खवले

४ फेब्रुवारी

चार महिने या पानांना तोंड दाखवलं नाही. माफी. लिहायला बसले की मान पडायची, एवढंच खरं कारण.

माळावरून उचललेले मातीचे तुकडे ऑफिसच्या गच्चीवर ट्रेमध्ये आहेत. त्यांवर शैवाक, दगडफुलाच्या जातीचं — मसुराच्या डाळीएवढे तपकिरी खवले, मातीला घट्ट चिकटलेले. पाणी शिंपडलं की हिरवे होतात, वाळले की पुन्हा मेल्यासारखे. माळाची माती त्यांनीच धरून ठेवलीय. ते गेले तर सगळी धूळ खालच्या वस्तीत.

खाणवाल्यांना माळ हवाय, त्याच्या तपासणीचं काम आमच्या ऑफिसकडे. साहेबांचा हिशेब सोपा — "हे दुसरीकडे जगतं एवढं दाखवा, परवानगी मिळालीच!" म्हणजे मी काम चोख केलं की माळ जाणार.

एक तुकडा आणतानाच फुटला होता. तो आईनं मागून घेतला, बशीत घालून खिडकीबाहेर ठेवला. "फुलं येतील का गं याला?" नाही म्हटलं. "मग कशाला एवढं कौतुक!" तेव्हापासून ढुंकून पाहिलेलं नाही. मीही नाही.

९ फेब्रुवारी

ड्रायव्हरदादा ट्रे बघून म्हणाले, "मॅडम, एवढी सेवा बायको माझी करत नाही." खूप दिवसांनी हसले.

सकाळी शिंपडायचं, मग उन्हात वाळू द्यायचं. ओलं राहिलं तर कुजतं. रोज नेमानं करते. आणि रोज मनात येतं — मरा एकदाचे!

१० फेब्रुवारी

नुसतं मनात येणं ही लबाडी धरायची का? स्वतःचाच कंटाळा आलाय.

२३ फेब्रुवारी

घात झाला. शुक्रवारी शिंपडल्यावर पक्षी टोचतात म्हणून ट्रेवर प्लास्टिक टाकलं. ते काढायचं राहिलं. मध्ये सुट्टी. आज उघडलं तर पांढरी बुरशी, कुजका वास. पाणी मारून पाहिलं — एकही खवला हिरवा होईना.

विसरले? की विसरू दिलं स्वतःला? जिना उतरताना काहीतरी राहिलंय असं वाटलं होतं. परत वर गेले नाही. पाय दुखत होते. खरंच दुखत होते.

२४ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, प्लास्टिकसकट. आधी भडकले, मग डोकं धरून बसले. "पुन्हा करायला वेळ कुठाय? जगत नाही असंच कळवायचं आता."

म्हणजे माळ वाचला! घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "मग तोंड का पाडून बसलीस?"

जेवून झोपले.

१ मार्च

खिडकी पुसताना ओलं फडकं बशीवर निथळलं. बघता बघता अख्खा तुकडा हिरवागार.

आई ओशाळली. "अगं, मी एकदाही पाणी घातलं नाही रे देवा!" पहाटेचं दव पुरलं त्याला. जगतं. दुसरीकडेही जगतं.

मी समजावलं — हे साहेबांना कळलं तर माळ जाणार. तिनं बशी आत घेतली. मग हळूच — "आपण दोघीच तर आहोत घरात. कुणाला कळतंय!"

उद्या : बशी ऑफिसात न्यायची.