एका खुणेने सैल अंगठी

प्रिय आत्या,

आधी वाकून केलेला नमस्कार घे, मग काय रागवायचं ते रागव. गुडघे कसे आहेत? अंगठी पोचली का? बोटात बसली का? (की कुठे ठेवून दिलीस? कुठे?) मी ठणठणीत आहे. मला बघायला यायचं म्हणतेस, पण इतक्यात येऊ नकोस. खोली एवढीशी, जिना भिंतीसारखा उभा आणि उशी एकच.

नोकरीचं विचारलं होतंस. टिकली आहे! तीन महिने झाले, मला कुणी हाकललेलं नाही आणि मीही पळालेलो नाही. (रोपवाटिकेतून का निघालो ते मागे लिहिलंच होतं. त्यात चूक बकरीची होती.) इथे आम्ही जुन्या दागिन्यांच्या नकला करतो. शेकडो वर्षांपूर्वी जिथे लढाया झाल्या त्या माळांवर खणताना कुणाकुणाच्या अंगठ्या, बक्कलं, झग्याच्या पिना सापडतात. वस्तुसंग्रहालय त्या चार दिवस आमच्या मालकीणबाईंच्या हवाली करतं, बाई साचा घेतात आणि हुबेहूब तशाच नव्या वस्तू ओततात. हुबेहूब म्हणजे पोच्यासकट हं! सध्याच्या अंगठीवर एक प्राणी कोरलाय (बाई म्हणतात घोडा, मी म्हणतो पोट बिघडलेला कुत्रा) आणि तलवारीचा घाव बसून ती एका अंगाला चेपली आहे. त्या बोटाचं पुढे काय झालं असेल, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तू आपल्या बोटांकडे बघ." तुझ्याकडे पातेल्याला पोचा आला की तू त्याच दिवशी ठोकून घेतेस. इथे पोचा नसेल तर गिऱ्हाईक अंगठी परत करतं.

माझ्याकडे खातं आहे काळं करण्याचं. नवी चांदी आरशासारखी चमकते, आणि लढाईत पडलेली अंगठी चमकून कसं चालेल? म्हणून उकडलेलं अंडं कुस्करून अंगठ्यांबरोबर डब्यात बंद करायचं. बलकाने अंगठ्या काळ्या होतात, पांढऱ्याने माझं पोट भरतं. एवढी सोयीची नोकरी मी आजवर पाहिली नव्हती.

तर गेल्या सोमवारी बाई अस्सल अंगठी डबीतून काढून तबकातल्या नव्यांशी ताडून बघत होत्या, तेवढ्यात फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. मी माझ्या कामाला लागलो. तबकातली एक अंगठी फारच गचाळ दिसली, कोरलेल्या रेघांत पिवळट काहीतरी बसलेलं. म्हटलं, अंडं! दंतमंजनाने घासून लखलखीत केली आणि मापाच्या दांडीवर चढवली. (ही दांडी निमुळती असते, तिच्यावर खुणा असतात. आमच्या झाडून सगळ्या अंगठ्या सोळाव्या खुणेवर थांबतात.) ही बया सतराव्यावर गेली. बाकीच्यांशी जुळेना, म्हणजे ओतताना बिघडली. बाईंचा नियम असा की बिघडलेला माल ज्याने पकडला त्याचा. तुझ्या बोटात नाहीतरी सगळं घट्ट होतं, म्हणून तुला पोस्टाने धाडली.

बाई परत आल्या, तबकावर नजर फिरवली आणि सगळ्यांत जुनाट दिसली ती उचलून डबीतल्या कापसावर ठेवली. संध्याकाळी वस्तुसंग्रहालयाचे साहेब न्यायला आले. भिंग लावून पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "नकला कितीही करा, अस्सलाची कळा ती अस्सलाचीच." बाईंनी मान डोलावली. मीही डोलावली.

एक मात्र सांगतो, हसू नकोस. मी खोलीत खिळा ठोकलाय, सदरा टांगायला. आजवर माझे सगळे सदरे पिशवीतच राहायचे. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
पायाला भिंगरीवाला

ता. क. काल बाई एका गिऱ्हाइकाला समजावत होत्या, की चांदी थंड होताना आखडते, म्हणून नक्कल नेहमी अस्सलापेक्षा केसभर लहान होते. अंड्याचं पांढरं माझ्या घशातच अडकलं. आत्या, तुझ्याकडे आहे ती अस्सल! तुला अकरा वेळा फोन केला, पण तो नेहमीसारखा कपाटात बंद असणार. तिला घासू नकोस, धुऊ नकोस आणि मुख्य म्हणजे शेजारच्या सोनाराला दाखवू नकोस. पोचा काढायचा नाही!

ता. क. २. पाकीट पुन्हा उघडलं. बाईंना सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील, पण त्या नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून एक वस्तू इकडची तिकडे झाली नव्हती, आता पुन्हा कुणी त्यांच्या हाती काही देईल का? मी विचारलं, "पिशवी भरू?" तर म्हणाल्या, "आधी अंगठी आण. मग साहेबांकडे आपण दोघं जाऊ." दोघं म्हणाल्या, आत्या. खिळा अजून काढलेला नाही.

ता. क. ३. तेव्हा पत्र मिळेल त्याच दिवसाच्या गाडीने ये. जिना काही इतका उभा नाही आणि उशी तुलाच. अंगठी बोटात घालून ये, पिशवीत नको, पिशव्या तू गाडीत विसरतेस. आणि सोनाराने पोचा काढलाच असेल, तर त्यालाही बरोबर घेऊन ये.