सरसाचा सांधा

अँटवर्प, ९ मार्च

प्रिय वाउटर,

पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच तिची पाठ सोडली नाही. तू हल्ली लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करतोस म्हणे. बरं आहे. कपाट सुरात लावायला कुणी सांगत नाही.

बाबा चौऱ्याऐंशीचे झाले. अजून कार्यशाळेतल्या हार्पसिकॉर्डांच्या कळांमागे बसवायला बागेत कावळ्यांची पिसं वेचतात. नजर अधू झाल्यामुळे निम्मी कबुतरांची निघतात. सांगितलं की उसळतात, "तार छेडायला कावळ्याचंच पीस लागतं, हे तू मला शिकवणार?" जीभ तशीच आहे. कुठे काही उखडलं की आजही म्हणतात, "वाउटरचा सरस दिसतोय!" सव्वीस वर्षं मी हे ऐकून घेत आलेय.

जानेवारीत ते हिरवं हार्पसिकॉर्ड दुरुस्तीला परत आलं. तेच, ज्याचा वरचा पातळ फळा मैफलीच्या सकाळी फाटला, आणि आतून तू चिकटवलेली आधाराची पट्टी सुटली असणार, असं ठरवून बाबांनी तुला वाद्याच्या मालकासमोर हाकललं. तेव्हा तळ उघडून कुणी पाहिलं नाही, फाट वरूनच बुजवली. या वेळी मी तळ उघडला. तुझी पट्टी जागच्या जागी आहे. सांध्यात सुरीचं पातंसुद्धा शिरत नाही.

खरं तर मला ते बघायची गरज नव्हती. त्या मैफलीच्या आदल्या दुपारी तू बाहेर असताना बासरीवाला आला होता. त्याची बासरी आजच्या सुराची, वाद्य तीनशे वर्षांपूर्वीच्या खालच्या सुराचं. त्याने गळ घातली आणि मी सगळ्या तारा अर्धा सूर चढवल्या. इतक्या जुन्या फळ्याला तो ताण सोसणार नाही, हे मला ठाऊक होतं. सकाळी फाट पाहिली, घाईघाईने तारा सैल केल्या आणि गप्प बसले. तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हाही. त्या जूनमध्ये आपलं लग्न ठरलं होतं, वाउटर, आणि मी बाबांना घाबरले. मला स्वतःची लाज वाटते.

काल बाबांना सगळं सांगितलं आणि त्यांचा हात धरून त्या सांध्यावर ठेवला. बराच वेळ चाचपून म्हणाले, "पक्का आहे." आज सकाळी त्यांनी मालकाला फोन केला, "त्या पोराची काही चूक नव्हती, चूक माझ्या घरातली." फोन ठेवून मला म्हणाले, "त्याला लिही, मी आहे तोवर ये म्हणावं. माझी माफी मी तोंडाने मागेन. तुझी तू माग."

मागते आहे.

तुझीच,
मारलीन