चोराचीच सही

३ डिसेंबर, बुधवार. मनीषनगर
प्राचीची सिरीज आली एकदाची. नाव 'साहेब संत्र्यात'. नावातच अक्कल दिसते. मुंबईचा इन्स्पेक्टर बदली होऊन नरखेडकडे, संत्र्यांच्या बागांत येतो, त्याला इथलं काहीच कळत नाही, ही म्हणे गंमत. संवाद आमच्या कन्येचे, म्हणून पाहणं भाग. सौ. जेवण आटोपून टीव्हीपुढे अशी बसली, जणू घरी सत्यनारायण आहे.
भाग १. साहेब गॉगल घालून शेणात पाय देतो. झाला विनोद. पस्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. शेणात कोणाचा पाय पडला नाही?
प्रा.चा फोन. कसं वाटलं? सगळं पाहून सांगतो म्हटलं.

४ डिसेंबर
भाग २. मे महिन्याचं ऊन, डोक्याला दुपट्टे, आणि झाडाला पिकलेली संत्री. मे महिन्यात संत्री पिकतात होय? नीट पाहिलं तर झाडंच मोसंबीची. कोणीतरी शूटिंगवाल्यांना गंडवलं.
गावकऱ्याचं काम करणारा नट वाक्यावाक्यात, 'का' नसेल तिथेही 'काहून' ओततो, पोह्यावर तर्री ओतावी तसा. हवालदार आहे एक, गोमाजी. ढेरी, मिशी, खुर्चीत डुलक्या. सौ. म्हणाली, "तुमच्यावानीच दिसून राहिला." मी चहा मागितला.

५ डिसेंबर
भाग ३ आणि ४. विहिरीवरची मोटर चोरीला जाते. गोमाजी पंचनाम्याला जातो तर पंच मिळत नाहीत. (हे मात्र खरं. पोलीस दिसला की गाव रिकामं. साक्षीसाठी कोर्टाच्या चकरा कोण मारणार?) विहिरीपाशी एक गरीब चेहऱ्याचा इसम उभा. मोजायच्या टेपचं टोकसुद्धा धरून देतो. गोमाजी त्यालाच पंच करतो. आठ दिवसांनी मोटर सापडते ती त्याच इसमाच्या गोठ्यात. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून चोराचीच सही. कोर्टात केस आडवी.
सौ. पोट धरून हसली. मी नाही.
तो पंचनामा माझा आहे. मी हवालदार असतानाचा. पोरगी आठवीत होती तेव्हा जेवताना मीच सांगितला होता, रंगवून.

७ डिसेंबर, रविवार
भाग ५. साहेब बुलेटवर बसून बकऱ्यांमागे धावतो. का, ते लिहिणारीलाच ठाऊक.
भगतचा फोन आला. आमच्या ठाण्यात लिखापढी करायचा, तो पंचनामाही त्याच्याच अक्षरात. आता कोराडीला पोराच्या क्वार्टरमध्ये राहतो. म्हणाला, "पोरीनं झकास लिहिलं, भाऊ. आपला पंचनामा पाहून लय हासलो. शेवटला भाग मंगळवारी पाहतो, नातू शाळेतून आल्यावर."
बरं म्हटलं.

८ डिसेंबर
सौ. भिशीला. शेवटचा भाग एकट्याने पाहिला.
वरून चौकशी येते. पंचनामा लिहून घेणाऱ्या पोरसवदा शिपायावर सगळं ढकलायचं ठरतं. तेव्हा हा ढेरपोट्या गोमाजी उठतो आणि म्हणतो, "पंच मीच घेतला, साहेब. लिहिणाऱ्याचा काही दोष नाही." साहेब गॉगल काढतो. मागे बासरी. इतकी टुकार बासरी आयुष्यात ऐकली नाही.
वाक्य जसंच्या तसं माझं. जेवताना प्रा.ला सांगितलेलं. तेव्हा ती माझ्याकडे कशी पाहत होती, तेही आठवतं.
खऱ्या चौकशीत साहेबापुढे मात्र मी म्हणालो होतो, पंच भगतने आणला. एवढंच. भगतची बदली पार जंगलातल्या ठाण्यात. चार वर्षं. बायकोचं पहिलं बाळंतपण त्याच्याविना झालं. साहेबाचे कान कोणी भरले, हे त्याने मला आजतागायत विचारलेलं नाही. माहीत नसेल. किंवा असेल.
अख्ख्या सिरीजमध्ये धड माणूस एकच, आणि तो मी बनवलेला. लाज वाटते. गोमाजीची नाही.

९ डिसेंबर, मंगळवार. बर्डी, बसस्टॉप
सकाळी प्रा.चा फोन. "बाबा, शेवट पाहिला? तो तुमच्यासाठी लिहिला मी." मी म्हणालो, ती झाडं मोसंबीची आहेत. ती म्हणाली, ठेवते. तिला वाटलं असेल, बापाला कौतुक करता येत नाही. वाटू दे. खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि तिच्या आधी ते दुसऱ्याला सांगायचं आहे.
सौ.ला बँकेत जातो म्हटलं. इथे कोराडीच्या बसची वाट पाहत लिहितोय. अक्षर वाकडं येतंय. पावणेतीन झाले. भगतचा नातू चारला येतो.
भगतला फोन करून सांगितलं, मी येईपर्यंत शेवटचा भाग लावू नको.
"या ना भाऊ, संगच पाहू," म्हणाला. "काहून, असं काय हाये त्याच्यात?"
येऊन सांगतो म्हटलं. बस लागली.