सात जोडांचा सुरवंट

धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं असतं, हे तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. मी लिहायला शिकलेच नाही, त्यामुळे मला विसरायची सोय नाही. तू शिकलास आणि विसरलास. पाठ कशी आहे? लेथपुढे तासन् तास वाकून उभं राहू नका, असं तुझ्या बायकोने सांगितलं असेलच, आणि तेही तू विसरला असशील.

माझे गुडघे बरे आहेत. कपाटं बरी नाहीत. सूनबाईला शाळेची चोवीस पत्र्याची कपाटं रंगवायचं काम मिळालंय, पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावावर. पंधरा तारखेपर्यंत सगळी निळी झाली नाहीत, तर काम दुसऱ्या रंगाऱ्याकडे जाणार. आज आठ तारीख. तीन झालीत, आणि तिन्हींना गोवर उठल्यासारखे ठिपके आहेत, कारण रंग फवारायच्या गनमध्ये हवाच धड येत नाही.

हवा येत नाही, कारण तुझा भाचा. (तोच हे लिहितोय. लिही रे, थांबू नकोस.) त्याने जुना, मोठा कॉम्प्रेसर आणला. घेण्याआधी तोंड मोज, असं तू म्हणालास, तर त्याला राग आला आणि तीन महिने तुझ्याशी अबोला. घरी आणल्यावर कळलं की कॉम्प्रेसरच्या नळीचं तोंड अर्धा इंची आणि सूनबाईच्या रंगाच्या गनचं पाव इंची. मग बाजारातून एक पितळी जोड आला, तो निघाला मधल्याच मापाचा. त्याला दुसरा लावला, दुसऱ्याला तिसरा. दोन्ही तोंडं बाहेरून आट्यांची, म्हणजे नर, निघाली की मध्ये आतून आट्यांची मादी शोधायची (या वयात मला अशी स्थळं बघावी लागतील असं वाटलं नव्हतं). असं करत सात जोडांचा सुरवंट झाला, आणि शेवटच्या जोडाचे आटे गनमध्ये दोन फेरे फिरून अडले. मग त्यावर पांढरी टेप इतकी गुंडाळली की बोट मोडल्यासारखं दिसावं.

हवा सोडली की सांध्यासांध्यातून सुस्कारे. गळती शोधायला साबणाचं पाणी लावतात, ते काम माझ्याकडे. मी ब्रशने फेस लावते, नात बुडबुडे मोजते. सातांतले सहा जोड बुडबुडे सोडतात. (सातवा कोरडा, कारण तिथपर्यंत हवा पोचतच नाही.) काल याने जोर वाढवला. सुरवंट मधोमध तुटला, शेपटीवर पाय पडल्यासारखी नळी वर्कशॉपभर नाचली, रंगाचा डबा लवंडला, आणि तुझा भाचा कमरेखाली निळा झाला. रंग एकसारखा बसला, ठिपका म्हणून नाही. सूनबाई म्हणाली, "आता तुम्हालाच शाळेत उभं करते, पंचविसावं कपाट म्हणून." तो हसला नाही.

बाकी येथील हवामान उत्तम आहे. लोभ आहेच, तो तेवढाच ठेव, वाढवायचे कष्ट नकोत.

ता. क. हवामानाचं मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या जागी मी सांगितलं होतं की एका अंगाला अर्धा इंची आणि दुसऱ्या अंगाला पाव इंची, असा एकच अखंड जोड तुझ्या लेथवर कातून पाठव. सूनबाईने पत्र वाचून दाखवलं तेव्हा पकडला. स्वतःची निळी विजार लिहायला त्याला लाज वाटली नाही, मामाकडे मागायला वाटली. म्हणून आता पेन तिच्या हातात आहे.

आणखी एक. मापं मीच सांगते: मोठं तोंड माझ्या अंगठ्याएवढं, लहान करंगळीएवढं, आट्यांचं तू आपला अंदाजाने बघ. (एवढं ऐकून दाराशी उभा असलेला तुझा भाचा आत आलाय आणि पेन हिसकावून घेतोय.)

मामा, अंदाजाने नको. अर्धा इंच, मादी, इंचाला चौदा आटे. पाव इंच, नर, इंचाला एकोणीस आटे. बाजारातला अठरा आट्यांचा होता, तिथेच फसलो. तुम्ही सांगितलं होतं. पंधराच्या आत जमेल का?

आता पेन परत सूनबाईकडे. जोड खोक्यात खुळखुळेल, तर भोवती कागद कोंबू नकोस, तुमच्याकडचे अंजीर भर. मऊ बघून घे, आणि भरण्याआधी हातांचं लेथचं तेल धू.