मार्क नसलेला रकाना

१ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून लॉन्ड्रीचा कायापालट! उद्योजकांच्या शिबिरातून कालच परतलो. तिथले सर म्हणाले, आधी स्वतःला मार्क द्या, मग प्लॅन करा. चाळीस प्रश्न, प्रत्येकी पाच मार्क, शेजारी शेऱ्याचा रकाना. बारा वर्षं धंदा करतोय, पण ही साधी गोष्ट कुणी सांगितली असेल तर शपथ. २८ तारखेला हॉटेलचं कंत्राट नवं व्हायचंय. निम्म्याहून जास्त काम त्यांच्याच चादरींचं, ते गेलं तर बोंबच. त्याआधी रिपोर्ट तयार हवा. मॅनेजरबाई चाट पडतील.

२ फेब्रुवारी
स्वतःचा फॉर्म भरला. २०० पैकी १९१. नऊ मार्क मुद्दाम कापले. माणसाने नम्र असावं.

४ फेब्रुवारी
सगळ्यांना फॉर्म वाटले. सगळे म्हणजे तिघं: इस्त्रीवाले काका, व्हॅन चालवणारा मेव्हणा आणि काउंटरवर बसणारी बायको. काकांनी फॉर्म हातात घ्यायच्या आधीच विचारलं, बॉयलरचा व्हॉल्व्ह कधी बदलताय? गंजाचं पाणी ठिबकतंय, खाली बादली लावलीय. म्हटलं, काका, आधी मूल्यांकन. या माणसाला दूरदृष्टी म्हणून नाही.

७ फेब्रुवारी
फॉर्म परत आले. मेव्हणा ७०, बायको ६२, काका ५८! घरच्याच माणसांनी असं करावं? वाईट वाटलं. मग लक्षात आलं, यांना मार्क देताच येत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात तिघांनीही काहीबाही खरडलंय. शेऱ्याला मार्क नसतात, म्हणून वाचत बसलो नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी
तोडगा निघाला. मालकाच्या मताला दहापट वजन. सरासरी एकदम १६१. जेवण गोड लागलं.

११ फेब्रुवारी
पंचवार्षिक योजनेला हात घातला. तीन नव्या शाखा. दुसऱ्या शाखेचा बोर्ड निळा की हिरवा, यात दुपार गेली. मध्येच काका परस्पर मिस्त्री घेऊन आले. परत पाठवला. योजनेत दुरुस्ती दुसऱ्या तिमाहीत आहे. शिस्त म्हणजे शिस्त.

१५ फेब्रुवारी
मॅनेजरबाईंचा फोन. चादरींवर तपकिरी डाग आलेत म्हणे. मेव्हण्याला म्हटलं, सांग, साहेब प्लॅनिंगमध्ये आहेत. त्याने सांगितलं, पण तोंड वाकडं करून.

१९ फेब्रुवारी
पुन्हा फोन. पुन्हा प्लॅनिंग. बायकोने अबोला धरलाय. प्रश्न क्र. १७, 'संस्थेतील संवाद': आधी दिलेले पाच मार्क तसेच ठेवले. भांडण तरी होत नाही ना!

२० फेब्रुवारी
उद्यापासून पाचला उठून योजना पूर्ण करणार.

२१ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उशी बदलायला हवी.

२६ फेब्रुवारी
रिपोर्ट तयार. स्पायरल बायंडिंग, जाड कव्हर. सगळं पारदर्शक असावं म्हणून तिघांचे फॉर्मही शेवटी जोडले. काकांनी बादली बदलून टब लावलाय. म्हणजे क्षमता वाढली.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
मॅनेजरबाईंनी रिपोर्ट मागून उघडला. कोण मागून उघडतं? मार्कांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेरे मात्र वाचले. मोठ्याने. माझ्याच समोर.
काका: बॉयलर गळतोय. चादरी नासतायत.
मेव्हणा: बॉयलर. हॉटेलवाल्यांना मी किती थापा मारू?
बायको: बॉयलर. दहा वेळा सांगून झालं, हे ऐकत नाहीत.
बाई म्हणाल्या, तुमच्या माणसांना सगळं कळतंय की हो. रिपोर्ट मिटून परत दिला. कंत्राट बंद.
रस्त्यात रिपोर्ट पिशवीत घातला. जाड कव्हर काही केल्या दुमडेना.

३ मार्च
काकांनी मिस्त्री बोलावला. व्हॉल्व्ह तासाभरात बदलून झाला. तासाभरात! बायको धुतलेल्या चादरी घेऊन स्वतः हॉटेलात गेली आणि महिनाभराची मुदत मिळवून आली. अट एकच, बोलणी तिच्याशी, माझ्याशी नाही.

४ मार्च
बायकोने मला घडीच्या टेबलावर बसवलंय. सकाळपासून चाळीस चादरी. योगायोग बघा, प्रश्नही चाळीसच होते.
संध्याकाळी तिला विचारलं, घड्या कशा जमल्यात, पाचपैकी किती देशील? तिने वरची चादर उचलली, झटकली आणि परत माझ्या पुढ्यात टाकली.