यंदाची रेघ

सोमवार, ४ ऑगस्ट
पोचलो एकदाचा! नोकरीचं गाव कसं असेल याची धाकधूक होती, पण खोली झकास मिळाली. घरमालकीण कपडे शिवते, सगळे तिला टेलरबाई म्हणतात. पुढची खोली माझी, मागच्या खोलीत त्या आणि त्यांचे सासरे. खिडकीतून नदी दिसते, वारा छान येतो. काम सोपं आहे. नदीकाठच्या दीडशे घरांना पुराची तयारी शिकवायची: टॉर्च, शिट्टी, कोरडा खाऊ, औषधं, प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. दाखवायला नमुन्याची एक बॅग सोबत आणली आहे. भेटलेली माणसं साधी वाटली. साधी म्हणजे अडाणी, पण ते इथेच लिहिलेलं बरं.

बुधवार, ६ ऑगस्ट
चाळीस घरं झाली. एकाही घरात शिट्टी नाही. टॉर्च आहे तर सेल नाहीत. औषधांचा डबा दाखवा म्हटलं तर एका आजींनी बटणांचा डबा पुढे केला आणि वर मलाच विचारलं, कुठलं बटण तुटलंय.

पुराची तयारी काय, असं विचारलं की प्रत्येक जण भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे खडूची आडवी रेघ, घोट्याएवढ्या उंचीवर. मला वाटलं, मागच्या पुराची खूण असेल. छे! ही यंदाच्या, अजून न आलेल्या पुराची. पूर यायच्या आधी घरात राहणाऱ्यांपैकी कुणीतरी रेघ मारायची, मग त्या घरात पाणी बरोबर तेवढंच येतं. एका घराला वर्षाची एकच रेघ, मारली की मारली. किराणा दुकानदाराने शपथेवर सांगितलं की शेजाऱ्याने एकदा मस्करीत कमरेएवढी मारली, तर त्याच्या घरात कमरेएवढं पाणी आणि मधल्या भिंतीच्या अलीकडे दुकानात जेमतेम पाय ओले. हे सगळं मला, या विषयात पदवी घेतलेल्या माणसाला, तोंडावर! मी मान डोलावली. लहान मुलांपुढे डोलावतो तशी.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
शाळेच्या हॉलची किल्ली शिपायाने हरवली, म्हणून सभा माझ्याच खोलीत घेतली. वीस-पंचवीस डोकी, त्यातली निम्मी जांभया देणारी. माझं सगळं ऐकून झाल्यावर एकाने विचारलं, साहेब, ते ठीक आहे, पण या घराची रेघ मारली का? टेलरबाई म्हणाल्या, रविवारी मारणार आहे.

माझं डोकंच फिरलं. स्टुलावर चढलो आणि छताखाली वीतभर जागा सोडून मार्करने भिंतभर रेघ ओढली. म्हटलं, पाणी इथपर्यंतही येऊ शकतं, तयारी याची करा.

टाळ्यांची अपेक्षा नव्हतीच, पण सगळे मुकाट्याने चपला घालून निघून जातील असंही वाटलं नव्हतं. टेलरबाई रडायला लागल्या. भिंत खराब झाली म्हणून रडत असतील, म्हणून स्पिरिट लावून रेघ स्वच्छ पुसून दिली. त्या म्हणाल्या, आता पुसून काय उपयोग.

शनिवार, ९ ऑगस्ट
बाईंना घर सोडून वरच्या आळीत नणंदेकडे जायचंय. अडचण सासऱ्यांची. मांडीचं हाड मोडून म्हातारा महिनाभर खाटेवर आहे, जरा हलवला की किंचाळतो. म्हणून माझ्या ऑफिसातलं स्ट्रेचर पाहिजे. मी नाही म्हटलं. भोळसटपणापायी स्ट्रेचर बाहेर काढलं तर उद्या गाव रांग लावेल. लेखी अर्ज करा, दोन प्रतींत. आतून म्हाताऱ्याच्या हसण्याचा आवाज आला.

रविवार, १० ऑगस्ट
नदी चढते आहे. ऑफिसातून पुराचा अंदाज आला: रस्त्यावर घोटाभर पाणी, त्याहून जास्त नाही. अर्जही आला, मापं लिहायच्या वहीतल्या कागदावर. सही भलत्याच जागी. परत केला. एक अर्ज धड लिहिता येत नाही आणि हे पुराला हुकूम सोडणार!

सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी दहा
रस्त्यावर घोटाभर पाणी. अंदाज तंतोतंत. टेलरबाई चार माणसं आणि एखादी रुंद फळी आणायला गेल्यात. तोवर सासऱ्यांपाशी बसा म्हणाल्या, म्हणून बसलोय. म्हातारा टक लावून बघतो.

साडेदहा
घरात पाणी. उंबऱ्यावरून नाही, फरशीच्या सांध्यांतून. मांडीपर्यंत आलं. दार आतल्या बाजूला उघडतं, पाण्याचा दाब आहे, हलत नाही. पण दाराखाली एवढी फट आहे, त्यातून थेंबही बाहेर का जात नाही —

पावणेअकरा
टेबल खाटेवर चढवलं आणि म्हाताऱ्याला त्यावर. फार ओरडले. स्ट्रेचर ऑफिसात कुलपात आहे. किल्ली माझ्या खिशात.

खिडकी सताड उघडी. पाणी खालच्या चौकटीच्या वर आलंय आणि बाहेर सांडत नाही. उभंच आहे, काच लावल्यासारखं. पलीकडे टेलरबाई, त्यांच्या पायाशी घोटाभर. त्यांनी गजांतून हात आत घातला, तो कोपरापर्यंत भिजला. चौघं पहारीने गज उचकटतायत. एकही हलत नाही.

खाटेचा पाय धरून कसाबसा खाली गेलो, घोट्यापाशी नवी रेघ मारली. पाणी चढतंच आहे.

अकरा
आजोबा म्हणतात, पाणी रेघेच्या वर बोटभरही जात नाही. कधीच नाही. म्हणजे वीतभर हवा राहील. तोंड वर धरलं की पुरे. पण त्यांना पाय मारता येत नाही — टेबल हलतंय —

नमुन्याच्या बॅगेत लाइफ जॅकेटही होतं. एकच. मी घातलंय. त्यांना उचलायच्या आधीच घातलं होतं, आत्ता लक्षात आलं. सही कुठे करायची ते मला बरोबर कळतं. हलकट माणूस मी, हलकट —

टेबल गेलं. आजोबा माझ्या खांद्याला धरून. डोकं छताला लागतंय. एका हाताने पंख्याची दांडी, वही छताला टेकवून —

थांबलं! रेघेवर थांबलं. आजोबा हसले. म्हणाले, जगलास तर पुढच्या वर्षी घोट्याला मार, शहाण्या. आणि आधी ते लिहिणं बंद कर.

जॅकेट काढतोय, त्यांना घालतो — गाठ ओली, सुटत नाही — दातांनी — खांद्यावरचा हात सैल — आजोबा, धरून ठेवा, सुटली, सुटलीच गाठ, आजो